यादीतला पासंग

मावशीनं कॉम्प्युटरांची निवडणूक फिरवली आणि साहेबांना पाडलं, असं तिच्या ऑफिसात अजून सांगतात. सांगणारा आधी आवाज खाली घेतो, इकडेतिकडे बघतो आणि मग चार टेबलांना ऐकू जाईल अशा बेतानं सांगतो. एकाच्या मते तिनं नेटवर्कवाल्याला हाताशी धरलं. दुसऱ्याच्या मते तिच्याकडे पासवर्ड आहे. कशाचा, ते त्यालाही ठाऊक नाही. शिपाईकाका तर शपथेवर सांगतात, की बाई रोज सकाळी मशीनच्या कानात काहीतरी पुटपुटतात.

यातलं खरं एवढंच, की ती पुटपुटते. आदल्या दिवशी फडकं कुणी उचललं याचा तो तपास असतो. मशीनचा त्याच्याशी संबंध नाही. निवडणूक वगैरे तिनं फिरवली नाही. कॉम्प्युटर निवडणूक घेतात हेच मुळी तिला सत्तावन्नाव्या वर्षी कळलं, आणि तेही लेट मार्क मिळाला म्हणून.

ऑफिस वजनं-मापं तपासायचं. दुकानदारांचे काटे, दुधाची मापं, कापडवाल्यांच्या मीटरपट्ट्या, पेट्रोल पंपांची यंत्रं, सगळ्यांना वर्षातून एकदा इथला शिक्का लागतो. व्हरांड्यात लाकडी पेट्यांमधून पितळी वजनं आपापल्या खळग्यात बसलेली असतात, पाळण्यातल्या बाळांसारखी. दोन्ही पारडी रिकामी असताना काटा एका बाजूला कलला, तर त्याला म्हणतात पासंग. पासंग धरायचा, लिहायचा आणि काटा परत पाठवायचा, एवढ्यावर छत्तीस माणसांचे संसार चालतात.

मावशी आवक-जावक सांभाळते. आत येणाऱ्या प्रत्येक कागदावर शिक्का, तारीख, क्रमांक. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर तेच. त्यामुळे तिचं टेबल थेट दाराला लागून. आत शिरणाऱ्याची मांडी आणि तिच्या टेबलाचा कोपरा यांची भेट ठरलेली. नवीन दुकानदार कळवळतो, जुना वळसा घालतो. एकोणतीस वर्षं ती त्याच खुर्चीत आहे आणि एकोणतीस वर्षांत तिला एकही लेट मार्क नाही. हे ती स्वतः सांगत नाही. विषय तिथपर्यंत आणते आणि समोरच्याला विचारायला लावते.

तिचं बोलणंही रजिस्टरमधून निघालेलं. घरी धाकट्या बहिणीनं, म्हणजे माझ्या आईनं, सांगितलं, "ताई, दूध संपलंय," तर ही म्हणते, "नोंद झाली." मेहुण्यांनी सांगितलं, की त्यांच्या मामेभावाचं लग्न मोडलं, तरी "नोंद झाली." आणि घरातून बाहेर पडताना ती प्रत्येक दिवा, पंखा, गीझर, टीव्ही यांची बटणं बंद करते. एकदा मेहुणे न्हाणीघरात होते तेव्हाही केली. ऑफिसातही तसंच. संध्याकाळी साडेपाचला ती मशीन रीतसर बंद करायची, पडदा काळा होईपर्यंत थांबायची, त्यावर कव्हर घालायची, मग पाठीमागचं बटण. सकाळी नऊ चाळीसला यायची, टेबल पुसायची, शिक्क्याची तारीख बदलायची, टपाल फोडायची आणि नऊ पंचावन्नला मशीन चालू करायची. ऑफिस दहाचं. पाच मिनिटं आधी, म्हणजे नियमापेक्षा उदार.

मग नवे साहेब आले.

साहेबांना 'थोडक्यात सांगायचं तर' म्हणायची सवय. हे तीन शब्द निघाले, की शिपाईकाका भिंतीला टेकून उभे राहायचे, कारण आता वीस मिनिटं कुठे जाता येणार नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळ्यांना बोलावलं. "थोडक्यात सांगायचं तर, सहीचं हजेरीपुस्तक म्हणजे जुना जमाना. सही कुणीही कधीही करतो. माझ्या कॉम्प्युटरवर या ऑफिसातल्या सगळ्या मशीनची यादी दिसते, ज्याच्या त्याच्या नावानं. जे मशीन चालू, ते यादीत. जे यादीत, तो हजर. माणूस खोटं बोलेल, मशीन बोलणार नाही." पुढचं सगळं याच सहा वाक्यांचं नातलग होतं.

दुसऱ्या दिवसापासून साहेब बरोबर दहाला खोलीत शिरायचे, मशीन चालू करायचे, यादी उघडायचे, छापायचे, आणि जी नावं नाहीत ती खाली हातानं लिहून त्यांना लाल गोल. तो कागद शिपाईकाकांच्या हाती आवकला यायचा, कारण या ऑफिसात क्रमांकाशिवाय कागद म्हणजे बेवारस.

तिसऱ्या दिवशी मावशीनं त्या कागदावर शिक्का मारला आणि लाल गोलात स्वतःचं नाव वाचलं.

तिनं कागद उलटा करून पाहिला. पुन्हा सुलटा केला. "काका, हा कालचा का आजचा?"

"आजचा," काका म्हणाले. समोरच्याचा शेवटचा शब्द ते नेहमी चाखून बघायचे. "आजचाच आजचा."

"मी नऊ चाळीसला तुमच्याबरोबर एकाच बसमधून उतरले."

"उतरलात. मी पाहिलं. पण मी काय यादी आहे का?"

पहिल्या तीन आठवड्यांत तिला पाच लाल गोल मिळाले. कधी यादीत असायची, कधी नसायची. तीच बाई, तीच बस, तेच नऊ पंचावन्न. आणि दर दिवशी यादीत ठणठणीत हजर कोण, तर निरीक्षक सव्वाचार. हे त्यांचं जन्मनाव नव्हे. दुपारी सव्वाचारनंतर त्यांना या ऑफिसात कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून. सकाळी ते साडेदहाच्या आधी उगवत नसत. पण ते मशीन कधीच बंद करत नसत, नुसता पडदा विझवून जायचे, तेव्हा यादीच्या लेखी ते दिवसरात्र, सुट्टीच्या दिवशीसुद्धा राष्ट्रसेवेत होते. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच. फक्त इथे संन्याशानं स्वतःच सुळीच्या कागदावर आवक क्रमांक टाकायचा होता.

पाचव्या गोलाबरोबर मेमो आला. सहा झाले, की संबंधितानं आपलं टेबल सोडून गावाबाहेरच्या गोदामात रुजू व्हावं. तिथे जप्त केलेले खोटे काटे ठेवतात. खिडकी एक, तीही उंच. बोलायला कुणी नाही. निवृत्तीला चौदा महिने राहिलेले, आणि एकोणतीस वर्षांच्या कोऱ्या पानावर शेवटची ओळ गोदामाची.

त्या संध्याकाळी जेवताना ती "नोंद झाली" असं एकदाही म्हणाली नाही. बहिणीनं ओळखलं. "ताई, सगळ्यांसारखं चालूच ठेवून ये ना ते मशीन. तुला काय मेडल मिळणार आहे बंद करून?"

"रात्री मशीन बंद करावं असं परिपत्रक आहे. मीच जावक केलंय, पाच वर्षांपूर्वी."

"ते पाळतं कोण?"

"मी," मावशी म्हणाली आणि उठून ओट्यावरचा दिवा विझवला. मेहुणे भात वाढून घेत होते. त्यांनी अंधारातच वाढून घेतला.

नेटवर्कवाला गुरुवारी यायचा. कंत्राटी माणूस, टेबलाखाली पडूनच बोलायचा, त्यामुळे ऑफिसात बहुतेकांना त्याचे बूट ओळखीचे होते. कुठलीही अडचण सांगितली, की आधी "सोप्पंय" म्हणायचा आणि मग अवघड करून सांगायचा. मावशीनं बुटांना विचारलं, "यादी कोण करतं?"

"सोप्पंय बाई. मशीनच करतात. आपसात."

"आपसात म्हणजे? कुणीतरी प्रमुख असेल."

"असतो ना. मास्टर. ते निवडणुकीनं ठरतं." बूट हलले, तो बाहेर आला आणि मांडी घालून बसला. "बघा, तुमच्याकडे सर्व्हर नाही. चौतीस मशीन, सगळी एका लॉटची, सारखीच. चालू झालेलं प्रत्येक मशीन ओरडतं, मी आलो. कुणीतरी ते लिहून घ्यायला पाहिजे. प्रमुख सापडला नाही, की एक मशीन हाक देतं, निवडणूक. मग प्रत्येक जण आपली पात्रता सांगतो. ज्याची जास्त तो बोलत राहतो, बाकीचे गप्प बसतात."

"पात्रता कसली?"

"आधी बघतात नवं कोण, आवृत्ती कुठली. ती तुमच्यात सारखी. मग बघतात जास्त वेळ जागं कोण."

"साहेबांचं मशीन मोठं आहे."

"पडदा मोठा आहे. पडदा कुणी विचारत नाही."

मावशीनं पेन्सिल घेतली. "सध्या प्रमुख कोण?"

"मागच्या खोलीतलं. कीबोर्डची सात बटणं पडलेलं. दोन वर्षं त्याला कुणी हात लावलेला नाही, म्हणून बंदही केलेलं नाही. त्याच्याइतकं जागं कुणीच नाही."

"म्हणजे जो काही करत नाही तो प्रमुख."

"तसं बघायला गेलं तर," नेटवर्कवाला म्हणाला आणि साहेबांच्या दाराकडे बघून पुढचं गिळलं. "आता, चौतीस जणांनी एकट्या मास्टरला सारखं विचारलं, तर तो दमेल. म्हणून तो बॅकअप नेमतो. एकतीस मशीनपर्यंत एक, बत्तिसावं आलं की आणखी एक. तुमच्याकडे दोन. मास्टर यादी ठेवणार, बॅकअप दर पंधरा मिनिटांनी त्याच्याकडून उतरवून घेणार. तुम्हीआम्ही यादी उघडतो ती बॅकअपकडची."

"म्हणजे नक्कल. मूळ प्रत नाही." इथे मावशीचा चेहरा उजळला. मूळ प्रत आणि नक्कल यांतला फरक तिला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो. "आणि नक्कल पंधरा मिनिटं शिळी."

"कधी दोन मिनिटं, कधी चौदा. नशीब. तुम्ही पंचावन्नला चालू करता. मास्टरला लगेच कळतं. पण बॅकअपनं पन्नासला उतरवून घेतलं असलं, तर दहाच्या यादीत तुम्ही नाही."

"हे बॅकअप दोघं कोण?"

नेटवर्कवाल्यानं लॅपटॉपवर पाहिलं आणि त्याला हसू आवरेना. एक बॅकअप होतं निरीक्षक सव्वाचार यांचं. दुसरं होतं त्या लेखनिकाचं, जो चार महिने आजारपणाच्या रजेवर होता आणि जाताना मशीन बंद करायला विसरला होता. ऑफिसात कोण हजर आहे याची नोंद, थोडक्यात सांगायचं तर, गैरहजर माणसं ठेवत होती.

"आणि गेलेल्या माणसाचं काय?" मावशीनं विचारलं.

"रीतसर बंद केलं, तर मशीन जातो म्हणून सांगतं, मास्टर नाव काढतो. नुसती वायर उपटली तर त्याला कळत नाही. तो बिचारा वाट बघतो. दर बारा मिनिटांनी येणाऱ्या तीन हाका चुकल्या, म्हणजे छत्तीस मिनिटं, की मग काढतो. वर नकलेचं शिळेपण. पाऊण तास सहज."

"वरातीमागून घोडं."

"घोडं तरी येतं हो," तो म्हणाला. "बाई, सोप्पंय. मशीन बंदच करू नका. नाहीतर नऊ चाळीसला आल्या आल्या चालू करा. मिटलं."

मावशीनं पेन्सिल खाली ठेवली. "नऊ चाळीसला मी माझ्या खुशीनं येते. वेळ दहाची आहे. दहाच्या आत आलेल्या माणसाला उशिरा म्हणतं, ते माप चुकीचं. काट्यात पासंग आहे म्हणून शेतकऱ्यानं जास्त बटाटे आणायचे का?"

एवढं बोलून ती शिक्क्याकडे बघत राहिली. मग तिनं कपाट उघडलं आणि साहेबांनी छापलेल्या यादीचे सगळे कागद, एकोणीस दिवसांचे एकोणीस, टेबलावर ओळीनं मांडले. ते सगळे तिच्याच हाताखालून गेले होते, पण प्रत्येक वेळी ती एकच नाव शोधत होती. आता तिनं सगळी नावं वाचली. दुपारपर्यंत वाचली. मग स्वच्छ कागद घेतला.

या ऑफिसचा एक नियम आहे, आणि तो रस्त्यावरच्या कुठल्याही माणसाला लागू आहे: वापरात असलेल्या मापाबद्दल कुणी लेखी तक्रार केली, तर ते माप सात दिवसांत, वापरणाऱ्याच्या समोर, तपासावंच लागतं. मावशीनं तक्रार लिहिली. स्वतःच स्वतःकडून स्वीकारली, शिक्का मारला, क्रमांक टाकला, पोच स्वतःला दिली, आणि कागद साहेबांकडे पाठवला.

पाचव्या मिनिटाला काका परत आले. "बोलावलंय. थोडक्यात नाही बोलावलं."

साहेबांच्या हातात अर्ज होता. "बाई, हे काय? 'हजेरी मोजण्यासाठी वापरात असलेली यादी हे माप असून, त्याची पडताळणी झालेली नाही व त्यावर शिक्का नाही.' तुम्ही मला दुकानदार समजलात का?"

"नाही साहेब. मापाचा वापर करणारे, एवढंच लिहिलंय."

"पाच लेट मार्क झाले, सहावा जवळ आला, म्हणून ही पळवाट. पुरावा काय मापात दोष असल्याचा? तुम्ही म्हणता तुम्ही वेळेवर आलात. सगळेच म्हणतात."

"माझं नाव पुराव्यात घेतलेलंच नाही साहेब. मी तक्रारदार. माझी साक्ष कोण धरणार? जोडपत्र बघा."

साहेबांनी पान उलटलं. मावशीचं वळणदार अक्षर. 'सोबत एकोणीस दिवसांच्या याद्या जोडल्या आहेत. या मापाप्रमाणे माननीय कार्यालयप्रमुख एकोणीसपैकी एकोणीस दिवस उशिरा आले आहेत. हे खरं नाही. ते रोज बरोबर दहाला येतात, हे मी दाराशी बसून स्वतः पाहिलं आहे. सबब मापात दोष आहे.'

साहेबांनी पहिली यादी घेतली. दुसरी. अकरावी. स्वतःचं मशीन चालू करून त्याच क्षणी यादी उघडणारा माणूस त्या शिळ्या नकलेत सापडणार कुठून? एकाही कागदावर साहेबांचं नाव नव्हतं. रोज लाल पेन घेऊन दुसऱ्यांची नावं शोधताना त्यांनी स्वतःचं कधी शोधलंच नव्हतं. दिव्याखाली अंधार, आणि दिवा सरकारी.

खोलीत पंखा फिरत होता. काका भिंतीला टेकले होते, पण साहेब काही बोलत नव्हते, म्हणून सरळ उभे राहिले.

"सहा गुणिले..." साहेब पुटपुटले आणि थांबले. सहा गोलांना गोदाम, तर एकोणीस गोलांना काय, हा हिशेब त्यांचा त्यांनाच करावा लागला असावा. "पाळीनं कोणता निरीक्षक येतो?"

"पाळीनं सव्वा... पाळीनं येतात ते," काका म्हणाले.

तर अशी गंमत झाली. जे माप ज्याला फळत होतं, तेच माप त्यानंच तपासायचं. सगळं ऑफिस म्हणालं, बाई गेल्या. तो कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेईल?

मंगळवारी दुपारी तीन चाळीसला तपासणी सुरू झाली. निरीक्षक सव्वाचार घड्याळ घेऊन आले, शिक्का असलेलं. त्यांनी बाह्या सरसावल्या, आणि बघणारे जरा चपापले. माणूस पळपुटा होता, खरा, पण मापाला हात लावला की त्याचा चेहरा पालटायचा. वीस वर्षांत त्यानं एक खोटं वजन पास केलं नव्हतं. पेट्रोल पंपवाले त्याला पाहून पाणी प्यायचे. एवढंच, की सव्वाचारनंतर खोटी वजनं सुखात असायची.

"माप चालवणारे इथे बसा," ते साहेबांना म्हणाले. साहेब बसले. "तक्रारदार आपल्या टेबलाशी. बाई, मशीन बंद. रीतसर."

मावशीचं नाव यादीतून गेलं. तीन पंचेचाळीसला त्यांनी दारातून हात खाली केला, तिनं मशीन चालू केलं. साहेब यादी उघडत, मिटत, उघडत राहिले. तीन अठ्ठावन्नला नाव आलं.

"येण्यात तेरा मिनिटं पासंग," निरीक्षक म्हणाले आणि लिहिलं. "आता जाण्यातला बघू. चारला वायर काढा."

मावशीनं वायर काढली आणि ती हातात धरून साहेबांच्या खोलीत येऊन उभी राहिली. यादीत तिचं नाव होतं. चार पाच, होतं. चार दहा, होतं. चार वाजून पंधरा मिनिटं झाली आणि सगळ्या व्हरांड्याची नजर निरीक्षकांच्या पायांकडे गेली. पाय हलले. उजवा बूट अर्धा वळला. निरीक्षकांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे, आणि बूट जागेवर आणला.

"बसता का?" साहेबांनी विचारलं.

"चालू तपासणीत बसत नाहीत," निरीक्षक म्हणाले.

साडेचारला साहेबांनी यादीतल्या नावावर बोट ठेवलं आणि समोर वायर घेऊन उभ्या असलेल्या बाईकडे पाहिलं. "इथे तर म्हणतंय, तुम्ही टेबलाशी काम करताय."

"नोंद झाली," मावशी म्हणाली.

चार चव्वेचाळीसला नाव गेलं. निरीक्षकांनी कागदावर दोन्ही आकडे लिहिले, खाली रेघ मारली. मग जरा थांबले. ही रेघ आपल्याला दररोज दोन तास महाग पडणार, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पेनाचं टोपण लावलं, काढलं, आणि त्यांनी लिहिलं: माप नाकारलं. तफावत इतकी, की मान्य चूक तिच्या पासंगालाही पुरणार नाही.

नाकारलेल्या मापाला लाल चिठ्ठी बांधायची असते. यादीला कडी नसते. काकांनी बराच विचार केला आणि चिठ्ठी साहेबांच्या माउसच्या वायरला बांधली.

पाच लाल गोल हिरव्या शाईनं खोडले गेले. गोदामाचा मेमो मागे घेतला, तोही जावक क्रमांकासह. सहीचं हजेरीपुस्तक परत आलं आणि दाराशी मावशीच्या टेबलावर बसलं. साहेबांनी मात्र हार मानली असं दिसू नये म्हणून एक परिपत्रक काढलंच: सगळी मशीन रात्री बंद, मागच्या खोलीतलंसुद्धा; आणि कलम चार: कुणी दहा मिनिटं हात लावला नाही तर मशीन आपोआप झोपेल अशी योजना करावी, साहेबांच्या मशीनपासून सुरुवात करून. नेटवर्कवाल्यानं एका गुरुवारी सगळं केलं.

आता अफवेचं जरासं देणं लागतो ते देऊन टाकू. तपासणीच्या वेळी मावशीनं काही फिरवलं नाही हे खरं. पण त्यानंतर तिनं स्वतःची एक सवय बदलली. नऊ चाळीसला आली, की आधी मशीनचं बटण, मग फडकं, तेही मधूनमधून कीबोर्डवरून, म्हणजे मशीनला डुलकी लागत नाही. रात्री सगळीच झोपलेली; सकाळी पहिलं जागं होणारं मशीन तिचं; आणि दिवसभर तिच्याइतकं जागं कुणीच नाही. रोज बिनविरोध. हजेरीला नाही तरी एकमेकांच्या फायली उघडायला सगळ्यांना ती यादी लागतेच, आणि यादी ठेवणं हे आवक-जावकचं काम आहे, असं तिचं म्हणणं. दोन बॅकअपही तिचंच मशीन नेमतं. पैकी एक बहुतेक वेळा निरीक्षकांचं असतं, कारण ते हल्ली दहाच्या आत येतात. टोपणनाव मात्र बदललेलं नाही.

हे साहेबांच्या कानावर गेलं. "थोडक्यात सांगायचं तर," ते नेटवर्कवाल्याला म्हणाले, "कार्यालयप्रमुखाचं मशीन हेच प्रमुख असलं पाहिजे." नेटवर्कवाला म्हणाला, सोप्पंय, तुम्ही बाईंच्या आधी या.

हे मावशीनं जेवताना सांगितलं आणि मी ताबडतोब पैज लावली. साहेबांकडे गाडी, साहेबांकडे दाराची किल्ली, मावशीकडे बस. महिन्याच्या आत एकदा तरी दहाच्या ठोक्याला साहेबांचं मशीन प्रमुख असणार. मी हरले, तर महिनाभर घरात कुणाचीही नक्कल करायची नाही. साहेबांची नाही, बुटांची नाही, तिची तर नाहीच.

"येतील ते लवकर," मावशी म्हणाली. "पण नाही जमायचं त्यांना."

पंचवीस दिवस साहेबांना उठणं जमलं नाही. सव्विसाव्या दिवशी ते सव्वानऊला आले, स्वतः कुलूप उघडलं, मशीन चालू केलं. ऑफिसात एकच मशीन जागं. निवडणूक तिथल्या तिथे जिंकली. मी घरी बसून जिंकत आले होते. पण साहेबांना नुसतं जिंकून भागेना. बाईंचा चेहरा बघायचा होता. ते दाराशी येऊन उभे राहिले, हाताची घडी घालून. नऊ वीस, नऊ तीस. आतमध्ये कलम चारप्रमाणे त्यांचं मशीन केव्हाच झोपी गेलं होतं.

नऊ चाळीसला मावशी आणि काका बसमधून उतरले. "या बाई," साहेब म्हणाले, "आज आम्ही आधी."

"आधीच," काका म्हणाले.

मावशीनं नमस्कार केला, टेबलाच्या कोपऱ्याला वळसा घातला आणि बटण दाबलं. तिच्या मशीननं हाक दिली, प्रमुख कोण? कुणीच बोललं नाही. साहेब खोलीत जाऊन माउस हलवेपर्यंत निवडणूक होऊन गेली होती. आणि प्रमुख एकदा सापडला, की उशिरा जागं झालेलं मशीन निमूट नाव सांगून रांगेत बसतं.

"तुला कसं माहीत होतं ते झोपेल?" मी संध्याकाळी विचारलं.

"मशीनचं मला काय कळतंय," मावशी म्हणाली. "ते दारात उभे राहणार, एवढं माहीत होतं." मग तिनं माझ्या डोक्यावरचा दिवा विझवला. महिना तसाच भरला, मी हरले; आज नक्कलबंदीचा अकरावा दिवस आहे. लिहायला तिनं मनाई केलेली नाही, हे मी आधी विचारून घेतलं.